प्रारूप विकास आराखड्यात शेतावर मैदानाचं आरक्षण: हरकत नेमकी कशी लिहावी?

ओढ्याकाठची:

नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातल्या एका 'क' वर्ग नगरपरिषदेच्या गावात आम्ही राहतो. गावाचं नाव लिहीत नाही, इथे ओळखीची माणसं आहेत. हद्दवाढीत आमची वस्ती पालिकेत गेली तेव्हा दिवे येतील, नळ येतील, घरपट्टी वाढेल, एवढाच विचार आम्ही केला होता. आता वाढीव हद्दीसह प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झालाय. पालिकेच्या सभागृहात नकाशा लावलाय. त्यात आमच्या गटावर हिरवा चौकोन आहे आणि आत आरक्षण क्रमांक. यादीत पाहिलं तर 'खेळाचे मैदान'.

वडिलांच्या नावावर १ हेक्टर २० आर. त्यातले अंदाजे ६० आर मैदानात जातात. उरलेल्या तुकड्यातून १५ मीटरचा रस्ता तिरका काढलाय, त्यामुळे दोन्ही अंगांना त्रिकोणी पट्ट्या उरतात आणि विहीर बरोबर रस्त्यात येते. त्या विहिरीवर डाळिंबाची बाग आहे. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे, नकाशात मात्र ती नाही.

भाऊ पुण्याला असतो. त्याचं म्हणणं, वकील लावू आणि सगळं काढून टाकू. शेजारच्या गटवाल्यांनी एक छापील अर्ज आणलाय: 'सदर आरक्षण अन्यायकारक असून ते रद्द करण्यात यावे', खाली गट नंबरासाठी मोकळी जागा. सगळे भराभर सह्या करताहेत. एक एजंट घरी येऊन 'वरपर्यंत ओळख आहे, खर्च द्या, आरक्षण हलवून देतो' असं सांगून गेला. वडील त्या रात्री जेवले नाहीत.

माझी अडचण वेगळी आहे. मी शिक्षिका आहे. आमच्या शाळेला मैदान नाही. गावात जी एक मोकळी जागा आहे तिथे आठवडी बाजार भरतो आणि बाकीचे दिवस ट्रक उभे असतात. आमच्या मुली खो-खोचा सराव बाजार समितीच्या आवारात करतात, तोही हमालांनी माल हलवल्यावर. 'गावाला मैदान नको' असं लिहायला माझा हात धजत नाही. आणि वडिलांनी चाळीस वर्षं राबून जी जमीन राखली तिचं पाणी रस्त्यात जातंय, हेही सहन होत नाही.

दुसरी गोष्ट ओढ्याची. आमच्या गटाच्या उत्तरेला ओढा आहे. २०२० च्या ऑक्टोबरात आमच्या जिल्ह्यात जो पाऊस झाला त्यात या ओढ्याचं पाणी बांध ओलांडून आमच्या अर्ध्या रानात आलं होतं. आराखड्यात ओढा एका बारीक निळ्या रेघेइतका आहे, पुढच्या दोन गटांत तर रेघही नाही, सरसकट पिवळा रहिवास विभाग. ती जमीन आमची नाही. तिच्याबद्दल मी हरकत घेऊ शकते का? आणि हा छापील अर्ज भरून भागेल का? मोबदला खरंच मिळतो का? कृपया ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी सांगा.

कायदेकौमुदी:

ताई, आधी कायद्याची चौकट सांगते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ खाली प्रारूप आराखड्याची सूचना राजपत्रात आली की त्या तारखेपासून ३० दिवस हरकती व सूचनांसाठी असतात. मोजणी राजपत्राच्या तारखेपासून करा, पालिकेत फलक लागल्याच्या तारखेपासून नको. हरकत कोणीही घेऊ शकतं, जमीन स्वतःची असायलाच हवी असं नाही. ओढ्याबद्दल बेलाशक लिहा.

मोबदल्याचं: कलम १२६ मध्ये तीन वाटा आहेत. वाटाघाटीने रक्कम, जमिनीच्या बदल्यात चटईक्षेत्र (जादा बांधकामाची परवानगी) किंवा हस्तांतरणीय विकास हक्क म्हणजे टीडीआर (दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क), नाहीतर २०१३ च्या कायद्याने भूसंपादन. भूसंपादन झालं तर नागरी हद्दीत बाजारमूल्याचा गुणक १ असतो आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम, म्हणजे साधारण बाजारमूल्याच्या दुप्पट.

आणि कलम १२७ वडिलांना जरूर समजावून सांगा. अंतिम आराखडा अंमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो. सूचनेनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. पालिकेने नुसता प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवला म्हणजे पाऊल पडलं असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केलंय.

एजंटाला काही देऊ नका. हरकतीला फी नसते आणि मध्यस्थ लागत नाही.

बिनशेती:

कायदा बरोबर आहे, पण अनुभव ऐका. आमच्या मामाच्या जमिनीवर पहिल्या आराखड्यात बाग होती. पालिकेकडे पगाराला पैसे नसायचे, ती जमीन कुठून घेणार? दहा वर्षं आणि वर नोटिशीचा काळ, तोवर मामाला ना बँकेने कर्ज दिलं, ना कोणी गिऱ्हाईक आलं. आजूबाजूला लोकांनी गुंठागुंठा विकून घरं बांधली. त्यांना कोणी हात लावला नाही. ज्याने जमीन सांभाळली त्याच्यावरच आरक्षण पडलं. मैदानाचं पुण्य गावाला आणि भार एका घराला, हे मला पटत नाही. ताई, हातचं न राखता 'रद्द करा' असंच लिहा.

ट्रेसिंग टेबल:

नगररचना विभागात रचना सहायक म्हणून नोकरीला लागलो तेव्हा नकाशे ट्रेसिंग कापडावर शाईने काढायचो, निवृत्त झालो तेव्हा सगळं संगणकावर आलं होतं. बऱ्याच छोट्या गावांच्या आराखड्यांवर काम केलंय. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बिनशेती म्हणतात ते खरं आहे, आणि ते तसं का होतं हे समजलं तर हरकत चांगली लिहिता येईल. आराखडा करताना सुरुवात विद्यमान जमीन वापर नकाशापासून होते. भूमी अभिलेखचे गट नकाशे जोडून पायाभूत नकाशा तयार करतात, मग पथक फिरून कुठे घर, कुठे दुकान, कुठे पीक याची नोंद घेतं. पुढच्या २० वर्षांत लोकसंख्या किती होईल याचा अंदाज बांधतात. त्याला आधार २०११ च्या जनगणनेचा, कारण २०२१ ची झालीच नाही. त्या अंदाजाला मानकं लावली की इतकी मैदानं, इतक्या शाळा, इतकी दफनभूमी असा हिशेब निघतो. मग नकाशावर जागा शोधायची. जिथे घरं झाली आहेत, मग ती परवानगीची असोत की बिनपरवानगीची, तिथे कोणी आरक्षण टाकत नाही, कारण पाडायचं कोणी? वर गुंठागुंठ्यावरची बिनपरवाना घरं नियमित करणारा गुंठेवारी कायदा २००१ चा आणि नंतर त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना वाढवलेली. त्यामुळे आरक्षण मोकळ्या रानावर पडतं. तुमच्या वडिलांनी रान राखलं म्हणून ते नकाशात मोकळं दिसलं. हा अन्याय आहे, असं मी नोकरीत असतानाही म्हणत होतो.

पण याचा उपाय 'रद्द करा' हा नाही. सांगतो का. हरकती पालिकेत जमा झाल्या की त्या नियोजन समितीपुढे जातात. समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. छापील अर्जांचा गठ्ठा आला की ते सगळे अर्ज एकत्र घेतात, सुनावणीला एकालाच बोलू देतात, आणि शेऱ्यात एकच ओळ येते: 'सार्वजनिक सुविधेसाठी आरक्षण आवश्यक, हरकत अमान्य'. समितीला दुसरं काही लिहिण्यासारखं त्या अर्जात असतच नाही. याउलट ज्या अर्जात नेमकी चूक दाखवलेली असते आणि पर्याय दिलेला असतो, त्यासाठी माणसं जागेवर येतात. मी स्वतः साहेबांबरोबर अशा कितीतरी बांधांवर उभा राहिलोय.

तुमच्या बाबतीत रस्ता ही सगळ्यात भक्कम हरकत आहे. गट तिरका कापणारा रस्ता हे टेबलावर बसून मारलेल्या रेघेचं लक्षण. रस्त्याची आखणी शक्यतो गटांच्या सामाईक बांधावरून न्यावी म्हणजे दोन्ही मालकांची निम्मी-निम्मी जमीन जाते आणि तुकडे सरळ राहतात. हे मागायला तुम्हाला शेजाऱ्याची साथ लागेल. त्याला आधी नकाशा दाखवा, कारण रस्ता त्याच्याकडे सरकला आणि त्याला नंतर कळलं तर तो उलट हरकत घेईल, आणि त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. विहिरीसाठी सातबारा, मोजणी नकाशा आणि विहिरीचा ठिकाणासह फोटो जोडा. विद्यमान जमीन वापर नकाशात विहीर आणि फळबाग नाही, हे वेगळा मुद्दा म्हणून लिहा. ती सर्वेक्षणातली चूक आहे, दुरुस्त करावीच लागते.

ओढ्याचं मी मनापासून सांगतो, ते सोडू नका. जुन्या गट नकाशात ओढा अनेकदा एका रेघेचा असतो, कारण त्या काळी सर्वेअरला शेतसाऱ्यासाठी जमीन मोजायची होती, पाण्याला जागा ठेवायची नव्हती. तीच रेघ आराखड्यात उतरते. दोन वर्षांनी कोणी लेआउट मंजूर करून घेतो, ओढ्याला पाइप घालतो, आणि पहिल्या मोठ्या पावसात खालच्या वस्तीत पाणी शिरतं. नद्यांना जलसंपदा विभाग पूररेषा आखून देतो, २५ वर्षांतल्या पुराची निळी आणि १०० वर्षांतल्या पुराची लाल. गावओढ्यांना बहुतेक ठिकाणी अशी रेषा नसते. म्हणून पुरावा तुम्हाला द्यावा लागेल. २०२० च्या ऑक्टोबरात पिकांच्या नुकसानीचे पंचनामे झाले होते. त्यांच्या प्रती तहसील कार्यालयातून माहिती अधिकारात मागा. कुठल्या गटात किती क्षेत्र पाण्याखाली होतं हे सरकारी कागदावर तलाठ्याच्या सहीने लिहिलेलं असतं. यापेक्षा चांगला पुरावा समितीपुढे ठेवता येणार नाही. मागणी अशी लिहा: पंचनाम्यातल्या गटांत प्रत्यक्ष मोजणी करून ओढ्याचं पात्र नकाशात दाखवावं आणि दोन्ही काठांना मोकळा पट्टा ठेवावा.

बडोदेकर:

इथे एक वेगळा रस्ता सांगावासा वाटतो. मी मूळचा जळगावचा, पण तीस वर्षं बडोद्यात आहे. आमच्या सासऱ्यांची शहराच्या कडेला पाच विघा जमीन होती. ती नगररचना योजनेत गेली, इथे सगळे तिला टीपी म्हणतात. पद्धत अशी: एका भागातल्या सगळ्या मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करतात, त्यातून रस्ते, बाग, शाळा, गरिबांच्या घरांची जागा काढतात, आणि उरलेली जमीन नव्याने आखून प्रत्येकाला परत देतात. साधारण ४० टक्क्यांपर्यंत कपात सगळ्यांची होते. सासऱ्यांना जमीन कमी मिळाली, पण मिळाली ती चौकोनी आणि रस्त्याला लागून. मैदान ज्याच्या मूळ जागेवर आलं त्याला दुसरीकडे भूखंड मिळाला. कोणा एकाचं सगळं गेलं आणि शेजारी मालामाल झाला, असं झालं नाही. २००१ च्या भूकंपानंतर भुजच्या जुन्या शहरातले अरुंद बोळसुद्धा याच पद्धतीने रुंद केले.

आणि हे काही गुजरातचंच नाही. मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५ चा, तेव्हा आपण एकत्रच होतो. महाराष्ट्राच्या १९६६ च्या कायद्यातही हे प्रकरण आहे. सिडको नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या 'नैना' क्षेत्रात अशाच योजना करते आणि मालकाला ४० टक्के विकसित भूखंड परत देते. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (पीएमआरडीए) माण-म्हाळुंग्यात हीच पद्धत हाती घेतली. तुमची पालिका का करू शकणार नाही? वाढीव हद्दीत अजून मोकळी शेतं आहेत तोवरच हे जमतं.

ट्रेसिंग टेबल:

बडोदेकरांशी सहमत. बिनशेतींच्या मामांवर जे ओढवलं त्याचं खरं उत्तर हेच आहे. आपल्याकडे छोट्या पालिका ही योजना घेत नाहीत, कारण त्यांच्याकडे नगररचनेची माणसं नाहीत. बऱ्याच 'क' वर्ग पालिकांत एक रचना सहायक बांधकाम परवानग्यांतच बुडालेला असतो. पण हरकती व 'सूचना' असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. 'वाढीव हद्दीच्या या भागात नगररचना योजना घ्यावी' ही सूचना लेखी जायला हवी. दहा गटांच्या मालकांनी मिळून दिली तर तिचं वजन वेगळं.

टीडीआरचंही एक सांगून ठेवतो. २०२० च्या बांधकामाच्या एकत्रिकृत नियमावलीप्रमाणे दाट वस्तीबाहेर जमिनीच्या दुप्पट टीडीआर मिळतो, ऐकायला छान आहे. पण तो विकत घेणारा उंच इमारती बांधणारा बिल्डर लागतो. दुमजली घरांच्या गावात त्याला गिऱ्हाईक मिळणं कठीण. त्याच नियमावलीत समायोजक आरक्षण आहे: मालकाने आरक्षित जागेचा ठरलेला भाग पालिकेला द्यायचा आणि उरलेल्या भागावर स्वतः बांधकाम करायचं. पालिकेकडे पैसे नसतील तर वडिलांसाठी ही वाट टीडीआरपेक्षा बरी. नियमावलीचं अकरावं प्रकरण कौमुदीताईंकडून समजून घ्या.

बिनशेती:

टीपीबद्दल मी एवढं ऐकलं नव्हतं. मामाच्या वेळी असं काही असतं तर त्यांनी आनंदाने जमीन दिली असती. एक शंका: समितीने आरक्षण हलवलं, तर ते दुसऱ्या कोणाच्या तरी बोकांडी बसणार. त्याला हरकतीची संधी कधी?

ट्रेसिंग टेबल:

हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे आणि इथेच छोटी माणसं फसतात. समितीच्या अहवालानंतर पालिका बदलांची यादी प्रसिद्ध करते, मग आराखडा शासनाकडे जातो. मंजुरी देताना शासनाला सारभूत स्वरूपाचा बदल करायचा असेल तर तो भाग वगळून पुन्हा सूचना काढावी लागते आणि हरकती मागवाव्या लागतात. नकाशात त्याला ई.पी. (एक्सक्लुडेड पार्ट, म्हणजे वगळलेला भाग) असा क्रमांक असतो. पण तोवर दोन-तीन वर्षं गेलेली असतात, वर्तमानपत्रातली बारीक टायपातली जाहिरात कोणी वाचत नाही. ज्यांना आज काहीच धक्का नाही त्यांनीही शेवटची अधिसूचना येईपर्यंत लक्ष ठेवलं पाहिजे. प्रत्येक गावात एका तरी माणसाने हे काम अंगावर घ्यावं. ताई, तुम्ही शिक्षिका आहात, तुमचे माजी विद्यार्थी गावभर असतील.

ओढ्याकाठची:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी वडील, शेजारचे दोन काका आणि मी भाग नकाशा घेऊन बांधावर गेलो. पालिकेतून नक्कल मिळायला त्रास झाला नाही, फक्त शुल्क भरावं लागलं. काकांना पहिल्यांदाच कळलं की त्यांच्या पिवळ्या पट्ट्यातून ओढा वाहतो आणि आराखड्यात तो नाही. त्यांनाही २०२० ची आठवण होतीच, त्यांची दोन जनावरं तेव्हा वाहून गेली.

बोलता बोलता वडिलांनीच एक गोष्ट सुचवली. मैदान माझ्या गटाच्या मध्यभागी कशाला, ओढ्याच्या कडेने लांबट घ्या. तिथल्या रानात तसंही चार-पाच वर्षांतून एकदा पाणी येतंच, घर बांधायला ते धोक्याचं. मैदानावर पाणी आलं तर दोन दिवसांत ओसरेल. असं केलं तर आमचे तीस-पस्तीस आर जातील, दोन्ही काकांचे थोडे थोडे जातील आणि ओढ्याला काठही मिळेल. रस्ता बांधावरून घ्यायला काका तयार आहेत, विहीर वाचते म्हटल्यावर वडीलही. थोरले काका आधी चिडले होते, 'माझ्यावर आरक्षण नव्हतं, आता मी का देऊ?' असं म्हणाले. पण लेआउट करायचा तर ओढ्यातली जमीन विकता येणार नाही, हे त्यांना पटलं. त्यांनी एक रात्र मागितली आणि आज सकाळी निरोप पाठवला की सही करतो.

भावाशीही बोलले. तो अजून पूर्ण राजी नाही, पण 'रद्द करा' वाला अर्ज आपण देणार नाही एवढं ठरलं. आता विचारायचंय ते एवढंच: तिघांनी मिळून एक अर्ज द्यावा की वेगवेगळे? आणि लांबट मैदान मानकात बसतं का?

ट्रेसिंग टेबल:

वाचून फार बरं वाटलं. वडिलांना माझा नमस्कार सांगा. पुराच्या जागेत मैदान ही सूचना कुठलाही नगर रचनाकार डोक्यावर घेईल.

अर्ज तिघांचे वेगळे द्या, म्हणजे तिघांनाही सुनावणीचं पत्र येईल. नकाशा मात्र तिन्ही अर्जांना एकच जोडा, त्यावर तिघांच्याही सह्या असू द्या आणि प्रत्येक अर्जात बाकी दोघांच्या अर्जांचा उल्लेख करा. नकाशा मोजणीवाल्याकडून काढून घ्या. हाताने काढलेला असेल तर बाजूला पडतो. लांबट चालेल, पण रुंदी खो-खो, कबड्डीची मैदानं आणि धावपट्टी बसेल इतकी ठेवा आणि ती नकाशात आखूनच दाखवा. शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडून मापं घ्या. एकूण क्षेत्र आराखड्यातल्या मैदानापेक्षा कमी होऊ देऊ नका, नाहीतर समितीला नकार द्यायला तेवढंच कारण पुरतं. काकांकडून घेतलेलं क्षेत्र धरून बेरीज नीट करा.

अर्जाच्या शेवटी 'सुनावणीस प्रत्यक्ष उपस्थित राहावयाचे आहे' हे लिहाच. आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. त्याच दिवशी एक प्रत तुमच्या विभागाच्या सहसंचालक, नगररचना यांना पोस्टाने पाठवा. नगररचना योजनेची सूचना चौथा अर्ज म्हणून वेगळी द्या, ती या अर्जांत मिसळू नका. मोजणी नकाशा हातात आला की नावं आणि गट नंबर झाकून इथे टाका, क्षेत्राची बेरीज मी तपासून देतो.